मावशीचा गुडघा, ३१ लोक आणि कर्म

आमच्या मावशीचा उजवा गुडघा गेली चार वर्षं दुखतोय. एक्सरे झाले, तेल झालं, गरम पाण्याच्या पिशव्या झाल्या, आणि आता तिने स्वतःच निदान काढलंय की "मागच्या जन्मीचं काहीतरी असणार बाबा, भोगून संपवायचं." हे ती रडत वगैरे नाही म्हणत, अगदी लाईट बिल भरायचंय अशा टोनमध्ये म्हणते. परवा मला विचारलं, तू ते बुद्धांचं वाचत असतोस ना, त्यात पण कर्म आहेच की, मग त्यांचं काय म्हणणं? मी म्हणालो हो आहे, आणि पुढचे दोन तास तिथेच अडकलो, कारण शब्द एकच आहे पण आतला माल वेगळा. त्या दोन तासांत जे बोलणं झालं तेच इथे जरा नीट लिहून काढतोय.

आधी आपल्या मराठीचं बघा. "कर्म माझं!" म्हणून आपण कपाळावर हात मारतो. "कर्माचे भोग", "कर्मदरिद्री", "नशिबात लिहिलंय". म्हणजे आपल्या तोंडी कर्म ही आधीच होऊन गेलेली गोष्ट आहे, फाईल बंद, आता फक्त सही करायची. पाली भाषेतल्या जुन्या बौद्ध ग्रंथांत, अंगुत्तर निकाय नावाच्या उपदेशांच्या संग्रहात, बुद्ध याची व्याख्या अर्ध्या ओळीत करतात: "चेतनाहं, भिक्खवे, कम्मं वदामि", भिक्षूंनो, मी चेतनेला कर्म म्हणतो. आता इथे आपण मराठी लोक हमखास फसतो, कारण आपल्याला चेतना म्हणजे जाणीव, शुद्ध, जान असं काहीतरी वाटतं. पालीत त्याचा अर्थ इरादा. मनाने एखादी गोष्ट करायचं ठरवणं. ते ठरवून मग माणूस शरीराने, बोलून किंवा नुसतं मनातल्या मनात कर्म करतो. म्हणजे कर्म हे मागून आलेलं पार्सल नाही, ते आत्ता तुम्ही हे वाचताना ज्या हेतूने वाचताय ते आहे. (माझ्या चुका काढायला वाचत असाल तर ते पण कर्मच, पण चालेल.)

यावर चक्खुपाल नावाच्या आंधळ्या थेरांची म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची गोष्ट आहे, धम्मपद या बुद्धवचनांच्या संग्रहातल्या पहिल्याच गाथेला जोडून सांगतात. रात्री पाऊस पडून गेलेला, पहाटे ते चंक्रमण करतात म्हणजे येरझारा घालतात, पायाखाली भरपूर किडे मरतात. सकाळी दुसरे भिक्षू बघतात आणि बुद्धांकडे तक्रार. बुद्ध विचारतात, तुम्ही त्यांना मारताना पाहिलंत का? नाही. तसंच त्यांनीही किडे पाहिले नाहीत. मारायचा इरादाच नव्हता, विषय संपला. पण गंमत म्हणजे त्याच गोष्टीत पुढे भिक्षू विचारतात की मग हे आंधळे का झाले, आणि उत्तर येतं की मागच्या एका जन्मी ते वैद्य होते आणि त्यांनी एका बाईचे डोळे मुद्दाम घालवले होते. म्हणजे एका हाताने "इरादा नाही तर कर्म नाही" आणि दुसऱ्या हाताने "मागच्या जन्मीचं फळ". ही गोष्ट मूळ सुत्तांतली म्हणजे बुद्धांच्या उपदेशांतली नाही, नंतरच्या अट्ठकथेतली म्हणजे टीकेतली (अर्थ समजावणाऱ्या ग्रंथातली) आहे, पण ही ओढाताण परंपरेत आहेच आणि ती लपवण्यात अर्थ नाही, शेवटी त्यावर येतोच.

आता गुडघा. संयुत्त निकाय या दुसऱ्या संग्रहात मोळियसीवक नावाचा एक परिव्राजक म्हणजे भटका साधू बुद्धांना अगदी मावशीचाच प्रश्न विचारतो, की काही लोक म्हणतात माणसाला जे काही सुखदुःख होतं ते सगळं आधी केलेल्या कर्मामुळे होतं, तुम्ही काय म्हणता? बुद्ध म्हणतात काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही तिन्ही बिघडल्यामुळे, काही ऋतू बदलल्यामुळे, काही शरीराची नीट काळजी न घेतल्यामुळे, काही अचानक मार लागल्यामुळे, आणि काही कर्माच्या फळामुळे. आठ कारणं, त्यातलं कर्म शेवटचं एक. आणि हे सगळ्यांना स्वतःच्या अनुभवावरून माहीत असतं, त्यामुळे जे लोक "सगळं मागच्या कर्मानेच" म्हणतात ते लोकांना दिसणाऱ्या गोष्टीच्या पलीकडे उडी मारतायत, ते त्यांचं चुकतंय. मावशीला हे वाचून दाखवलं तेव्हा तिने वाताला मान डोलावली आणि म्हणाली थंडीत जास्त दुखतो हे खरंय. काळजी न घेणं यावर काही बोलली नाही, पायऱ्या चढू नको असं डॉक्टरांनी सांगूनही गच्चीवर पापड घालायला तीच जाते.

दुसऱ्या एका सुत्तात तर हे अजून कडक आहे. सगळं पूर्वकर्माने होतं, किंवा सगळं ईश्वराच्या निर्मितीने होतं, किंवा सगळं कुठल्याही कारणाशिवाय होतं, या तिन्ही मतांना बुद्ध एकाच रांगेत उभं करतात आणि म्हणतात की या तिन्हींचा शेवट एकच, माणूस हात बांधून बसतो. खून करणाराही म्हणेल मागच्या कर्मामुळे खुनी झालो. मग करायचं काय आणि टाळायचं काय, दोन्हीला अर्थच उरत नाही.

हे एवढं डोक्यात ठेवून मग लोकांकडे वळूया. लोक म्हणजे पब्लिक नाही, लोक म्हणजे जिथे जन्म होऊ शकतो त्या जागा. थेरवाद परंपरेत, म्हणजे श्रीलंका, म्यानमार, थायलंडमधल्या बौद्ध परंपरेत, मोजून ३१ आहेत. पाठ करायची गरज नाही, नुसता आकार बघा. सगळ्यात खाली चार, नरक, तिर्यक म्हणजे प्राणी, प्रेत आणि असुर. त्यावर एक, माणूस. त्यावर सहा देवलोक. हे ११ मिळून कामलोक, म्हणजे जिथे डोळे, जीभ, कातडी यांची हाव चालू असते. त्यावर १६ रूपलोक, ब्रह्मलोक म्हणतात ते, आणि सगळ्यात वर ४ अरूपलोक, जिथे शरीरच नाही, नुसतं मन. जुन्या सुत्तांत अशी लांबलचक गणती एका जागी नसते, तिथे नरक, प्राणी, प्रेत, माणूस आणि देव अशा पाचच गती म्हणजे जन्माच्या जागा येतात, असुरांना वेगळं सहावं टेबल द्यायचं की नाही यावर जुन्या बौद्ध पंथांत चांगलाच वाद झालाय. तिबेटी भवचक्राच्या, म्हणजे जन्ममरणाच्या चाकाच्या, चित्रांत सहा दिसतात.

चित्रावरून आठवलं, हे चक्र बघायला तिबेटला जायची गरज नाही. अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात, व्हरांड्याच्या डाव्या टोकाला भवचक्राचं चित्र आहे, पाचव्या शतकातलं, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं. आता बराचसा गिलावा पडलाय. सुरुवातीच्या इंग्रज मंडळींना ते राशीचक्र वाटलं म्हणून त्यांनी लेण्यालाच राशीचक्राचं लेणं म्हणायला सुरुवात केली होती. बहुतेक गाईड तिथून तुम्हाला सरळ आत घेऊन जातात, थांबून डावीकडे बघा. विहाराच्या दारातच हे चित्र काढायचं असं एका जुन्या विनयात म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात सांगितलंय, येणाऱ्याजाणाऱ्याला भिक्षूने उभं राहून समजावायचं, आणि मधोमध काढायचे तीन प्राणी, कबुतर, साप आणि डुक्कर, म्हणजे लोभ, द्वेष आणि मोह. नंतरच्या तिबेटी चित्रांत कबुतराच्या जागी कोंबडा येतो. चाकाचा आस म्हणजे हे तिघं. बाकी सगळे लोक त्यांच्याभोवती फिरतात.

आता आपल्याला वाटतं की स्वर्ग म्हणजे बक्षीस, नरक म्हणजे शिक्षा आणि वर कोणीतरी जज बसलाय. इथे जज नाहीये. यम आहे, पण देवदूत सुत्तातला यम बघा काय करतो. नरकात आलेल्याला तो विचारतो, अरे तुला माझे दूत दिसले नाहीत का? तान्हं मूल, म्हातारा, आजारी, शिक्षा भोगणारा गुन्हेगार, मेलेला माणूस, हे सगळे दिसले नाहीत? तो म्हणतो दिसले की. मग तेव्हा तुला काही वाटलं नाही का? बेफिकीर होतो, महाराज. यम म्हणतो हे तुझ्या आईने केलं नाही, बापाने नाही, भावाबहिणीने नाही, देवांनी नाही, तूच केलंस, आणि गप्प बसतो. आणि सुत्ताच्या शेवटी हा यमच मनात म्हणतो की मला माणसाचा जन्म मिळावा, जगात तथागत म्हणजे बुद्ध असावेत आणि मला त्यांचा धम्म ऐकायला मिळावा. म्हणजे यमालाच ती नोकरी सोडायचीय!

देवांचंही तेच. चातुमहाराजिक हा सगळ्यात खालचा देवलोक, तिथला एक दिवस म्हणजे आपली ५० वर्षं, आयुष्य त्यांच्या हिशोबाने ५०० वर्षं, म्हणजे आपली ९० लाख. त्याच्या वरच्या तावतिंसात, जिथे इंद्र म्हणजे सक्क असतो, साडेतीन कोटींच्या वर. ऐकायला भारी वाटतं पण संपतंच. इतिवुत्तक नावाच्या पाली ग्रंथात लिहिलंय की देवाची वेळ भरत आली की पाच खुणा दिसतात, गळ्यातले हार कोमेजतात, कपडे मळतात, काखेत घाम येतो, अंगाचा रंग उतरतो आणि स्वतःच्या आसनावर करमत नाही. (काखेत घाम येतो हे वाचून मी दोन मिनिटं हसत होतो, मुंबईच्या लोकलमधला माणूस रोजच स्वर्गातून पडतोय.) मग बाकीचे देव त्याला निरोप देताना म्हणतात, चांगल्या गतीला जा रे बाबा. आणि बुद्धांना कोणी विचारलं की देवांच्या दृष्टीने चांगली गती कुठली, तर उत्तर आहे मनुष्यजन्म.

वरच्या २० लोकांची गोष्ट वेगळी. तिथे दानधर्म करून पोचता येत नाही, तिथे ध्यान लागावं लागतं. पहिल्या ध्यानाचा सराव असेल तर पहिले ब्रह्मलोक, त्यापुढचं ध्यान तर त्यापुढचे, असं जवळपास एकास एक बसतं. म्हणूनच मला हा नकाशा फक्त आकाशाचा वाटत नाही, मनाचाही वाटतो, माणूस ज्या अवस्थेत मुरतो तिथे तो राहायला जातो. पण सगळ्यात वरच्या मजल्यावर पोचलो म्हणजे सुटलो असं अजिबात नाही, बाहेरचं दार टेरेसवर नाहीये. बुद्धांना सुरुवातीला शिकवणारे दोन गुरू होते, आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त. त्यांनी शिकवलेल्या अवस्था अरूपलोकाच्या शेवटच्या दोन पायऱ्यांच्या. ज्ञान मिळाल्यावर बुद्धांना वाटलं पहिल्यांदा यांनाच सांगावं, पटकन कळेल त्यांना. तर कळलं की एक सात दिवसांपूर्वी गेला आणि दुसरा आदल्याच रात्री. बुद्ध म्हणाले, मोठं नुकसान झालं त्यांचं. टीकाकार सांगतात की ते दोघे अरूपलोकात जन्मले, आणि तिथे शरीर नाही म्हणजे कानच नाहीत, ऐकणार कसे? सगळ्यात वरच्या लोकाचं आयुष्य ८४,००० कल्प. आणि कल्प म्हणजे किती, तर एक योजन (काही कोसांचं जुनं माप) लांब रुंद उंच असा अखंड दगडाचा डोंगर घ्या, शंभर वर्षांतून एकदा त्यावरून काशीच्या मऊ कापडाचा हात फिरवा, डोंगर झिजून जाईल पण कल्प संपणार नाही. तेवढा वेळ कानाशिवाय.

ब्रह्मजाल सुत्तातला ब्रह्मा तर माझा सगळ्यात आवडता. जग नव्याने उलगडतं, वरच्या लोकातला एकजण आयुष्य संपून रिकाम्या ब्रह्मविमानात म्हणजे ब्रह्माच्या महालात येऊन पडतो. बराच काळ एकटा. कंटाळतो, मनात येतं अजून कोणीतरी असतं तर बरं झालं असतं. योगायोगाने तेव्हाच बाकीच्यांचंही आयुष्य संपतं आणि ते खाली येतात. झालं, याला वाटतं मी इच्छा केली म्हणून हे आले, मीच कर्ता, मीच बाप. येणाऱ्यांनाही वाटतं की हा आपल्या आधीपासून आहे म्हणजे यानेच आपल्याला बनवलं असणार. कोणी खोटं बोलत नाहीये, सगळ्यांचा प्रामाणिक गैरसमज. ऑफिसात असा एकतरी माणूस सगळ्यांनी पाहिलेला असतो.

उलट्या बाजूने नरकही कायमचा नाही. देवदत्त, ज्याने बुद्धांवर शिळा ढकलली आणि संघ फोडला, तो अवीची नरकात गेला असं परंपरा सांगते, पण तीच परंपरा पुढे म्हणते की एक लाख कल्पांनंतर तो अट्ठिस्सर नावाचा प्रत्येकबुद्ध, म्हणजे गुरूशिवाय स्वतःच ज्ञान मिळवणारा, होईल.

मग मावशीने बरोबर पकडलं, "आत्मा नाही म्हणतात ना बौद्ध लोक, मग जातो कोण?" हाच प्रश्न सागल नगरीत, म्हणजे आजच्या सियालकोटच्या भागात, ग्रीक राजा मिलिंदाने भिक्षू नागसेनांना विचारला होता. नागसेन म्हणतात, रात्रभर दिवा जळतो, पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? नाही. मग वेगळ्या का? तसंही नाही, त्याच दिव्याच्या आधाराने रात्रभर जळली. तोही नाही आणि दुसराही नाही. राजा हुशार, तो म्हणतो मग दुसराच जन्मतो तर पापातून सुटला की. त्यावर आंब्याचं उदाहरण आहे: एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले, पकडल्यावर म्हणतो की याने लावली ती कोय, मी तोडली ती फळं, वेगळी वस्तू आहे, मी चोर नाही. कोकणात असलं बोलून बघा काय होतं ते. बुद्धांच्या हयातीत साती नावाचा एक भिक्षू सांगत फिरत होता की हेच विज्ञान, म्हणजे ही जाणीव, जशीच्या तशी एका जन्मातून दुसऱ्यात जाते, त्याला बुद्धांनी सगळ्यांसमोर झापलंय. कारणांशिवाय विज्ञान उत्पन्न होत नाही हे मी किती वेळा सांगितलंय, म्हणून.

आणि हिशोब? बँकेच्या पासबुकासारखा, इतकं पाप वजा इतकं पुण्य, असा नाहीच. अंगुत्तर निकायात मिठाच्या खड्याचं उदाहरण आहे. मिठाचा खडा वाटीभर पाण्यात टाकला तर पाणी पिववत नाही, तोच खडा गंगेत टाकला तर काय फरक पडतो. तसंच तेच लहानसं पाप एकाला नरकात नेतं आणि ज्याचं मन मोठं झालंय त्याला इथल्या इथे थोडं टोचून संपतं. सगळं केलेलं जसंच्या तसं भोगावंच लागणार असेल तर सुटकेचा मार्गच उरत नाही, हे त्याच सुत्तात सरळ म्हटलंय. आणि उदाहरण देताना बुद्ध म्हणतात, एखादा अर्ध्या कार्षापणासाठी (हे तेव्हाचं नाणं) तुरुंगात जातो आणि एखादा शंभर कार्षापणांसाठीही जात नाही, कोण जातो? गरीब जातो. अडीच हजार वर्षांपूर्वीचं वाक्य आहे हे.

मरताना कुठलं कर्म आधी पुढे येतं त्यालाही टीकाग्रंथांत गोठ्याची उपमा आहे. आई, बाप किंवा अर्हत म्हणजे पूर्ण मुक्त झालेला माणूस, यांना मारणं असलं काही भयंकर केलं असेल तर तेच पहिलं. नसेल तर सकाळी गोठ्याचं दार उघडल्यावर जी गाय दाराजवळ उभी असते ती आधी बाहेर पडते, मग ती म्हातारी का असेना, मागे दांडगे बैल उभे का असेनात. म्हणून शेवटच्या क्षणी मनात काय आहे याला एवढं महत्त्व. यामुळेच कोण मेल्यावर कुठे गेला असेल याचे अंदाज बांधू नका म्हणतात, मज्झिम निकायात तर ध्यानात एखादा चोर स्वर्गात गेलेला "दिसला" म्हणून पापाला फळच नसतं असं ठरवणाऱ्या साधूलाही बुद्ध चूक म्हणतात, तुला दिसलं ते खरं असेल पण त्यावरून काढलेला नियम चूक, त्याने आधी किंवा नंतर काय केलं होतं ते तुला दिसलेलं नाही. कर्माच्या फळांचा तपशील जुळवत बसणाऱ्याला वेड लागेल असंही एके ठिकाणी आहे.

आता तो राहिलेला मुद्दा, मागच्या जन्मीच्या फळाचा. महाराष्ट्रात बसून बौद्ध कर्मावर बोलायचं आणि बाबासाहेबांना वगळायचं हे शक्य नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली, त्यांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये आला, आणि त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी हा पेच मांडलाय की आत्मा नाकारायचा आणि कर्म व पुनर्जन्म मात्र मानायचा, हे जमतं कसं? त्यांचं उत्तर असं की बुद्धांचा कर्माचा नियम हा जगातल्या नैतिक व्यवस्थेचा नियम आहे, कुशल कर्माने समाज चांगला चालतो, अकुशलाने बिघडतो, आणि गरिबी किंवा खालची जात ही मागच्या जन्माची कमाई हे मत बुद्धांचं असूच शकत नाही, त्याचा उपयोग एकच, समाजाला आणि सरकारला जबाबदारी झटकता यावी. दुसऱ्या बाजूला चूळकम्मविभंग नावाचं सुत्त आहे, ज्यात अल्पायुष्य, कुरूपता, गरिबी यांची कारणं मागच्या कर्मात दिलीयत, आणि श्रीलंका, म्यानमार, थायलंडमधले बहुतेक भिक्षू ते अक्षरशः मानतात. त्यामुळे आपल्याकडे एकाच विहारात सकाळी कोणी भंते ३१ लोक समजावतात आणि संध्याकाळी कोणी काका उठून म्हणतात हे थोतांड आहे. मला विचाराल तर ज्यांच्या आज्या-पणज्यांना विहिरीवरून हाकलताना "तुमचं मागचं कर्म" असं ऐकवलं गेलं, त्यांना तो शब्द बोचणारच, आणि मोळियसीवकाला दिलेलं उत्तर वाचलं तर बाबासाहेब म्हणतात ते सुत्तांपासून फार लांबही नाही. पण देव, यम, नरक हे पानोपानी आहेत, ते नंतर कोणीतरी घुसवले असं म्हणून सगळं काढून टाकता येईल असंही मला वाटत नाही.

बुद्धांच्या काळात कालाम नावाच्या लोकांनाही असाच संशय होता, इतके साधू येतात, खरं कोणाचं धरायचं. त्यांना बुद्धांनी शेवटी जे सांगितलं ते मी मावशीला सांगितलं: द्वेष काढून टाकलेल्या माणसाला चार भरवसे असतात. परलोक असेल, कर्माचं फळ असेल, तर मेल्यावर माझं चांगलंच होईल. नसेल, तर इथे या जन्मी मी वैर न ठेवता सुखाने राहिलो. वाईट करणाऱ्याचं वाईट होत असेल, तर मी कोणाचं वाईट चिंतलं नाही, मला दुःख कुठून शिवणार. आणि होत नसेल, तरी दोन्हीकडून मी स्वच्छच.

मावशी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे शेजारणीशी भांडण मिटवायला लागणार." मी म्हणालो ते तू बघ. गुडघ्याला तेल लावून घेतलं तिने आणि पापड आणायला मला गच्चीवर पाठवलं.